पंचाला ‘चीट’ म्हणणाऱ्या खेळाडूला शिक्षा किती द्यावी आणि कशी द्यावी

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो, म्हणजे पुढे घोळ राहणार नाही. पश्चिम सिडनीतल्या एका रग्बी लीग क्लबचे तुम्ही चिटणीस आहात. सामना हातातून निसटत असताना तुमच्या १६ वर्षांखालील संघाच्या कर्णधाराने पंचाला शिवी हासडून ‘चीट’, म्हणजे लबाड, म्हटले. पंचाने त्याला मैदानाबाहेर काढले आणि बाहेर जाताना फाटकापाशी थांबून त्याने तेच शब्द पुन्हा ऐकवले. पंचही १७ वर्षांचाच मुलगा आहे. प्रकरण आता स्थानिक लीगच्या शिस्त समितीकडे गेले आहे आणि तुमच्या कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. एका गटाला पोराला वर्षभर खेळू देऊ नये असे वाटते, तर दुसऱ्या गटाच्या मते मैदानाबाहेर काढले तेवढी शिक्षा पुरे झाली. समितीसमोर क्लबने कोणती भूमिका घ्यावी आणि क्लबने स्वतः काय करावे, हे तुम्ही विचारले आहे.

मी बरीच वर्षे कनिष्ठ गटांच्या सामन्यांत पंच होतो आणि आता अशाच एका शिस्त समितीवर बसतो. माझे मत दोन्ही गटांच्या विरुद्ध आहे. मोजक्या सामन्यांची, पण पुरेपूर भोगायला लावलेली बंदी हीच इथे योग्य शिक्षा आहे असे मला वाटते. मात्र काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमच्या लीगच्या नियमावलीत किमान शिक्षा ठरवून दिली असेल, तर समितीला तिच्याखाली जाता येणार नाही. मुलावर याआधी अशी कारवाई झाली असेल, तर मी पुढे देणार आहे तो आकडा वाढेल. पंचाच्या अहवालातले शब्द तुम्ही लिहिल्यापेक्षा वेगळे निघाले, तर सगळा हिशेबच बदलेल.

तुमच्या कार्यकारिणीतला वाद शब्द किती घाणेरडा होता यावर चालला आहे असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते. वादाचा मुद्दा तो नव्हे. रग्बी लीगच्या नियमांतले १५ वे कलम खेळाडूच्या गैरवर्तनाचे आहे. त्यात शिवराळ किंवा अश्लील भाषा वापरणे हा एक गुन्हा आहे आणि पंचाच्या किंवा रेषापंचाच्या निर्णयावर हुज्जत घालणे हा दुसरा. खेळाच्या वृत्तीला बाधा आणणारे वर्तन त्याच यादीत स्वतंत्रपणे आले आहे. म्हणजे समितीने पहिल्यांदा ठरवायचे ते हे, की मुलगा निर्णयावर चिडला होता, पंचावर चिडला होता, की पंच अप्रामाणिक आहे असा आरोप करत होता. चेंडू हातातून सुटल्यावर स्वतःवरच चिडून तोंडातून गेलेली शिवी पंचाच्या कानावर पडली, तर ती या तिन्हींत बसत नाही. अशा शिवीसाठी मी कोणावरही आरोप ठेवणार नाही, फार तर पंचाने त्याला समज द्यावी.

हा फरक वरच्या पातळीवर किती स्पष्टपणे पाळला जातो हे पाहायचे असेल, तर एनआरएल या ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक रग्बी लीग स्पर्धेतली दोन प्रकरणे शेजारी ठेवा. दोन्ही खेळाडू मेलबर्न स्टॉर्म क्लबचे, दोघेही हूकर या एकाच जागी खेळणारे आणि दोघांचे आडनावही स्मिथच. २०१८ मध्ये क्रोनुला या सिडनीच्या क्लबाविरुद्धच्या सामन्यात पंच मॅट सेचिन यांनी कर्णधार कॅमेरॉन स्मिथला हुज्जत घातल्याबद्दल दहा मिनिटांसाठी सिन बिनमध्ये, म्हणजे तात्पुरते मैदानाबाहेर, बसवले. देशातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूंपैकी एकाला असे बसवल्याची चर्चा खूप झाली, पण शिक्षा त्या दहा मिनिटांपुरतीच होती. २०२२ मध्ये, पुन्हा क्रोनुलाविरुद्धच, ब्रँडन स्मिथने पंच अ‍ॅडम गी यांना शिवी देत ‘चीटिंग’ हा शब्द वापरला. त्यालाही मैदानावर सिन बिनच मिळाले, पण प्रकरण शिस्त समितीपुढे गेले आणि तीन सामन्यांची बंदी लागली. मैदानावर दोघांची शिक्षा सारखी होती. फरक पडला तो आरोपामुळे, कारण पहिल्याने निर्णय नाकारला होता आणि दुसऱ्याने माणसाच्या सचोटीवर बोट ठेवले होते.

याहून जुने उदाहरण २००० सालच्या स्टेट ऑफ ओरिजिनच्या, म्हणजे न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या राज्यांमधल्या मालिकेच्या, पहिल्या सामन्यातले आहे. न्यू साउथ वेल्सला दिलेल्या ट्रायवरून (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळणारे गुण) क्वीन्सलँडचा गॉर्डन टॅलिस संतापला आणि त्याने पंच बिल हॅरिगन यांना शिवीसकट ‘चीट’ म्हटले. हॅरिगन यांनी त्याला थेट मैदानाबाहेर काढले, उरलेला सामना क्वीन्सलँडला १२ खेळाडूंनिशी खेळावा लागला आणि त्यांनी तो २०-१६ असा गमावला. त्या ट्रायआधी चेंडू हातातून पुढे सुटला होता, म्हणजे नॉक-ऑन झाला होता, अशी क्वीन्सलँडची तक्रार होती. ती खरी धरली, तरी कारवाईचे समर्थन तिळभरही कमी होत नाही. तुमच्या सुनावणीत ‘पण निर्णय चुकलाच होता’ हे वाक्य नक्की येणार, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो. निर्णय बरोबर होता की चूक, हा त्या समितीपुढचा प्रश्नच नाही आणि क्लबने तो तिथे काढूही नये.

शिवीपेक्षा ‘चीट’ मी अधिक गंभीर का मानतो, त्याचे कारण सांगतो. रग्बी लीगच्या पंचाला प्रत्येक टॅकलनंतर, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून थांबवल्यावर, निर्णय घ्यावा लागतो. बचाव करणारे दहा मीटर मागे सरकले का, टॅकल झालेल्याला वेळेत उठू दिले का, त्याने चेंडू पायाने नीट मागे ढकलला का, पास पुढे गेला का, हे सगळे त्याला क्षणात ठरवायचे असते. यातले काही चुकणारच आणि ते प्रत्येक जण मनातून मान्य करतो. ‘चुकलात’ असे म्हटले तरी पंच पुढच्या टॅकलला उभा राहू शकतो. ‘तुम्ही मुद्दाम केलेत’ असे म्हटल्यावर त्याच्या यापुढच्या प्रत्येक निर्णयावर संशयाची छाया पडते, आणि ते शब्द दोरीपलीकडे उभे असलेले पालकही ऐकत असतात. २०१५ च्या गुड फ्रायडेला बुलडॉग्ज आणि साउथ सिडनी यांच्या सामन्यात शेवटच्या मिनिटांत पेनल्टी दिली गेली, तेव्हा बुलडॉग्जचा डेव्हिड क्लेमर पंचाच्या तोंडावर ओरडला आणि सिन बिनमध्ये गेला. कर्णधार जेम्स ग्रॅहमही पंचाशी भिडला. साउथने सामना एका गुणाने जिंकला आणि पंचांचा गट मैदान सोडत असताना प्रेक्षकांतून बाटल्या भिरकावल्या गेल्या. बाटली फेकणारा स्वतःच दोषी असतो. पण मैदानातल्या खेळाडूंचा राग बाहेरच्यांना परवानगीसारखा वाटतो, हे मी छोट्या मैदानांवरही पाहिले आहे.

तुमच्या प्रकरणात पंचाचे वय मला फार महत्त्वाचे वाटते. एनआरएलच्या पंचाकडे मायक्रोफोन असतो, चहूबाजूंनी कॅमेरे असतात, मागे पगार देणारी संस्था असते. कनिष्ठ गटाचा पंच बहुधा शाळेत किंवा कॉलेजात शिकणारा असतो, त्याला सामन्यामागे थोडे मानधन मिळते आणि सामना संपला की ज्यांच्या मुलांना त्याने बाहेर काढले त्याच पालकांमधून वाट काढत तो एकटा गाडीतळापर्यंत जातो. मॅट सेचिन यांना २०१७ च्या विश्वचषकातल्या टोंगा–इंग्लंड उपांत्य सामन्यानंतर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. इतक्या अनुभवी माणसाला तो ताण सोसावा लागला, तर १७ वर्षांच्या मुलाने पुढच्या शनिवारी शिट्टी घेऊन परत यावे अशी अपेक्षा कोणाच्या भरवशावर करायची? म्हणून शिक्षा ठरवताना मी नेहमी विचारतो, की हा निकाल वाचून हा पंच परत येईल का.

आता कार्यपद्धतीकडे वळतो, कारण अशी प्रकरणे फसतात ती बहुतेक इथेच. पंचाचा अहवाल हा सगळ्याचा पाया. ‘क्रमांक ९ ने मला शिवीगाळ केली’ एवढेच लिहिले असेल, तर समितीच्या हाती काहीच लागत नाही. मला हवा असतो तो अहवाल साधारण असा असतो: ‘दुसऱ्या सत्राच्या विसाव्या मिनिटाला मी पाहुण्या संघाच्या बाजूने नॉक-ऑन दिला. क्रमांक ९ धावत माझ्यापासून दोन-तीन मीटरवर आला आणि म्हणाला’, आणि त्यापुढे शब्द जसेच्या तसे, फुल्या न मारता. त्यानंतर तो कोणाकडे पाहून बोलला, बोलताना हात कुठे होते, रेषापंचाने ऐकले का, बाहेर जायला सांगितल्यावर तो लगेच निघाला का, आणि फाटकापाशी काय झाले. हा अहवाल त्याच संध्याकाळी लिहिलेला असावा. दोन दिवस गेले की माणूस आठवणीऐवजी निष्कर्ष लिहू लागतो. खेळाडूला अहवालाची प्रत सुनावणीच्या आधी मिळायलाच हवी. ती मिळाली नसेल, तर क्लबने लेखी मागावी. हा तुमचा हक्क आहे आणि तो मागितल्याने कोणी तुम्हाला पंचविरोधी समजणार नाही.

समितीवर दोन्ही क्लबांपैकी कोणाचाही माणूस नसावा, हे उघड आहे. सुनावणीचे दोन टप्पे असावेत. पहिल्यात घडले की नाही एवढेच ठरवायचे, दुसऱ्यात शिक्षा. मुलाचा पूर्वेतिहास दुसऱ्या टप्प्यापर्यंत समितीसमोर येऊ नये, नाहीतर ‘हा तसलाच आहे’ या भावनेने पहिल्याचा निकाल लागतो. फौजदारी न्यायालयाइतका पुरावा इथे लागत नाही, पण आरोप जितका गंभीर तितकी खात्री अधिक हवी. कोणा पालकाने फोनवर केलेले चित्रीकरण हमखास पुढे येते. त्यात बहुतेक वेळा वाऱ्याचा घोंघाट असतो आणि शब्द ऐकू येत नाहीत, पण कोण कोणाकडे गेला आणि किती जवळ उभा राहिला हे दिसते. तेवढ्यासाठी ते पाहावे. पंच अल्पवयीन असेल, तर तो पालकासह किंवा पंच संघटनेच्या माणसासह फोनवरून बोलला तरी चालते. खेळाडूने किंवा त्याच्या वडिलांनी त्याला थेट प्रश्न विचारू नयेत, सगळे प्रश्न अध्यक्षांमार्फत जावेत.

इथे आपल्या लोकांविषयी एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. वेस्टमीड, वेंटवर्थविल, हॅरिस पार्क या भागांतून अलीकडे मराठी घरांतली मुलेही या खेळात दिसू लागली आहेत आणि सुनावणीला आईवडील दोघेही येतात, याचे मला कौतुक वाटते. पण मुलाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वडीलच देतात, किंवा समितीसमोरच मुलाला इतके फाडून बोलतात की त्याच्या तोंडून पुढे शब्दच फुटत नाही. दोन्हींमुळे समितीला हवी असलेली एकच गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे मुलाला काय कळले आहे हे त्याच्या स्वतःच्या शब्दांत. तुमचा कर्णधार मराठी आहे की नाही ते तुम्ही लिहिलेले नाही, पण घर कोणतेही असो, त्याच्या पालकांना हे आधी समजावून सांगा.

शिक्षेचे माझे मोजमाप १६ वर्षांखालील गटासाठी असे आहे. नुसती हुज्जत असेल, तर दहा मीटर पुढे सरकवलेली पेनल्टी किंवा सिन बिन तिथल्या तिथे पुरते. पंचाला उद्देशून शिवी असेल, तर एक ते दोन सामने. अप्रामाणिकपणाचा आरोप असेल, तर तीनपासून पुढे. मैदानाबाहेर काढल्यानंतर तेच पुन्हा केले तर एक सामना वाढवावा, कारण पहिल्या वेळी रागाची सबब चालते, फाटकापर्यंत चालत गेल्यावर ती चालत नाही. धमकी, वंश, धर्म किंवा लैंगिकतेवरून केलेला अपमान, आणि पंचाला हात लावणे ही प्रकरणे या मोजमापात येतच नाहीत, त्यांच्या शिक्षा फार कडक असायला हव्यात. या हिशेबाने तुमच्या मुलाला चार सामने. सुनावणीआधी स्पष्ट कबुली दिली तर तीन. क्लबने समितीपुढे जाऊन हेच म्हणावे, असा माझा सल्ला आहे.

वर्षभराच्या बंदीला माझा विरोध मुलाच्या दयेपोटी नाही. या वयात वर्षभर बाहेर बसलेला मुलगा बहुधा परत येत नाही, हे तर आहेच. पण त्याहून मोठे नुकसान असे, की एका वाक्याने पोराचे वर्ष जाणार हे कळले की पुढच्या वेळी तरुण पंच अहवालच लिहीत नाही, ‘जाऊ दे’ म्हणतो. समितीचे सदस्यही मग दोषी ठरवायला कचरतात. हलकी, पण हमखास आणि तत्काळ होणारी शिक्षा अधिक काम करते. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या स्थानिक लीगांत हुज्जतीसाठी दहा मिनिटांचे सिन बिन प्रायोगिक तत्त्वावर आणले गेले, तेव्हा हुज्जतीचे प्रमाण ३८ टक्क्यांनी घटले आणि २०१९-२० च्या हंगामापासून ते तळच्या सर्व स्तरांवर लागू झाले. तिथे कोणाचे वर्ष गेले नाही. चुकले की बाहेर, एवढेच निश्चित झाले.

‘मैदानाबाहेर काढले तेवढे पुरे’ हे म्हणणेही टिकत नाही. तुमच्या मुलाने हे शब्द शेवटच्या दहा मिनिटांत उच्चारले, म्हणून त्याचे दहा मिनिटांचे नुकसान झाले. तेच शब्द पहिल्या मिनिटाला उच्चारले असते, तर पूर्ण सामना गेला असता. गुन्हा एकच असताना शिक्षा घड्याळाने ठरवावी, हे मला पटत नाही.

बंदी सामन्यांत मोजावी, आठवड्यांत नव्हे. हिवाळी हंगामात पावसाने मैदाने बंद होतात, मध्येच शाळांना सुट्टी लागते, कधी विश्रांतीचा आठवडा येतो, आणि चार आठवड्यांची बंदी प्रत्यक्षात दोन सामन्यांवर येऊन संपते. सराव सामने धरू नयेत. बंदीच्या काळात मुलाने पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानात येऊ नये किंवा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसू नये. सरावाला मात्र त्याला जरूर येऊ द्यावे, तो संघापासून तुटायला नको. क्लबला दंड ठोठावण्याचा काही लीगांत प्रघात आहे. तो पैसा खजिनदाराच्या वहीतून जातो आणि ज्याच्या तोंडून शब्द गेला त्याला त्याची झळही पोहोचत नाही, म्हणून माझा त्यावर विश्वास नाही.

अनेक क्लब उत्साहाने आणखी एक शिक्षा सुचवतात, की मुलाला लहान गटाच्या दोन सामन्यांत पंच म्हणून उभे करावे. हेतू चांगला असला तरी मी त्याच्या ठाम विरोधात आहे. पंचगिरी ही शिक्षा आहे असेच त्यातून मुलांच्या मनावर ठसते, आणि ज्या आठ वर्षांच्या पोरांचा तो सामना असतो त्यांना रागावलेला, अप्रशिक्षित पंच मिळतो. पुढच्या हंगामात त्याला स्वतःहून पंचांचा अभ्यासक्रम करावासा वाटला, तर त्याची फी क्लबने भरावी, ते वेगळे.

क्लबने स्वतः करण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या मुलाचे कर्णधारपद हंगामापुरते काढून घेणे. रग्बी लीगमध्ये निर्णयाचा खुलासा पंचाकडे मागण्याचा मान कर्णधाराचा असतो. बाकीच्या १२ जणांनी तोंड मिटून खेळायचे ते याच विश्वासावर, की आपला कर्णधार आपल्या वतीने नीट विचारील. ‘सर, पेनल्टी कशासाठी होती?’ हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क त्याला होता आणि त्याने तोच हक्क गमावला. हा निर्णय समितीवर सोडू नका, सुनावणीच्या आधीच घ्या आणि समितीला कळवा.

त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारा, तो अवघड असला तरी. मुलाच्या तोंडून ‘चीट’ बाहेर पडण्याआधी प्रशिक्षक काय ओरडत होते? तासभर बाजूला उभे राहून ‘आज सगळे यांच्याच बाजूने चालले आहे’ असे प्रौढ माणूस म्हणत राहिला असेल, तर मुलाने फक्त शेवटचे वाक्य पुरे केले. त्या दिवशीच्या ग्राउंड मॅनेजरला, म्हणजे मैदानावरची व्यवस्था पाहणाऱ्याला, आणि दुसऱ्या क्लबच्या लोकांना विचारल्यास खरे काय ते कळेल. तसे झाले असेल, तर प्रशिक्षकावर क्लबने स्वतंत्र कारवाई करावी आणि ती मुलाच्या शिक्षेपेक्षा जड असावी.

माफीबद्दल तुम्ही शेवटी विचारले आहे. समितीने हुकूम केला म्हणून लिहिलेल्या पत्राला मी शिक्षेत काहीही सूट देत नाही. मुलाने सुनावणीची नोटीस येण्याआधी स्वतःहून काही केले असेल, तर ती खरी गोष्ट आहे, तिचा उल्लेख जरूर करा. प्रत्यक्ष भेटून माफी मागायची असेल, तर पंचाची इच्छा आहे का हे पंच संघटनेमार्फत आधी विचारा. त्याने नको म्हटले तर तिथेच थांबा, पुन्हा निरोप पाठवू नका.

निकाल काहीही लागला, तरी पंचांच्या नेमणुका करणाऱ्या व्यक्तीला क्लबच्या वतीने लेखी कळवा, की या पंचाला आमच्या मैदानावर पुन्हा पाठवायला आमची हरकत नाही, उलट त्याला पाठवावे अशी आमची विनंती आहे. तो येईल त्या दिवशी ग्राउंड मॅनेजर म्हणून तुमचा सर्वांत शांत आणि सर्वांना माहीत असलेला माणूस ठेवा. त्याने सामन्याआधी पंचाला भेटून स्वतःची ओळख करून द्यावी आणि सामना संपल्यावर त्याच्यासोबत गाडीपर्यंत चालत जावे. बुधवारी सुनावणी आहे असे तुम्ही लिहिले आहे. अहवालाची प्रत आजच मागवा.